गाईनं परत पाठवलेली लॉरी

"आधी तिला विचारू."

अक्कांच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आत सासू असणार. मक्याची लॉरी फाटकाशी उभी होती, भाव तोंडी ठरला होता, हमाल डोक्याला टॉवेल गुंडाळून तयार होते, आणि ही बाई म्हणते आधी तिला विचारू. मी दाराकडे बघत उभा राहिलो. अक्का आत गेल्याच नाहीत. त्यांनी एका पोत्याचं तोंड सोडलं, ओंजळभर मका काढला, भरडून आंबोणात कालवला आणि फाटकाशी बांधलेल्या एका काळ्या-पांढऱ्या गाईसमोर पाटी ठेवली. मग पदराला हात पुसत शेजारी उभ्या राहिल्या. गाईनं वास घेतला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाटीत तोंड घातलं. अक्का हमालांकडे वळल्या. "सरी," म्हणजे ठीक आहे, "उतरवा."

मी बेंगळुरात, यशवंतपूरच्या बाजारात मका, पेंड आणि कोंडा विकतो. निपाणीकडून आलो तेव्हा याच बाजारात पाठीवर पोती वाहिली. मग एका अडत्याकडे माल पारखायला लागलो, हळूहळू स्वतःचा माल पाठवू लागलो, आणि पुढे स्वतःचा गाळा घेतला. कोणी हात धरून वर आणलेलं नाही. त्यामुळे माझ्या मालाला कोणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं. अजूनही फिरतं. हे सांगायचं कारण असं की ज्या बाईबद्दल मी लिहितोय, तिनं माझा माल एकदा चारचौघांत परत पाठवला होता. तो माल चांगला होता. एवढं सांगून ठेवतो, मग बाकीचं.

व्हाइटफील्ड ओलांडून होस्कोटेच्या बाजूला गेलं की त्यांची पशुखाद्याची मिल होती. आता तिथपर्यंत उंच इमारती पोचल्यात, पण मी जायला लागलो तेव्हा दोन्ही बाजूंना नाचणीची शेतं, निलगिरीची झाडं आणि मधेमधे गोठे होते. पत्र्याची लांब शेड, आत भरडायचं यंत्र, आणि यंत्र चालू झालं की माणसांच्या भुवयांपासून फाटकावरच्या गणपतीपर्यंत सगळ्यांवर पिठाचा थर. मिल सासऱ्यांनी काढलेली. नवरा लवकर गेला. मग अक्का आणि त्यांचा मुलगा मिळून चालवत. यंत्राकडे मुलगा, फाटकाशी अक्का.

गाईची पद्धतही सासऱ्यांचीच. त्यांच्या काळात एकदा बुरशी धरलेली पेंड कोणाच्या लक्षात न येता खाद्यात मिसळली गेली. आसपासच्या गोठ्यांतल्या गाई आजारी पडल्या, काही दगावल्या. सासरे एकेका गोठ्यात जाऊन हात जोडून आले. परत आल्यावर त्यांनी घरामागची आपली दुभती गाय सोडली आणि मिलच्या फाटकाशी आणून बांधली. यापुढे जो माल येईल तो आधी हिच्या पोटात जाईल, मरायचीच वेळ आली तर पहिल्यांदा आमची मरेल, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. ती गाय गेल्यावर तिची कालवड आली, आणि तिच्यानंतर तिची. मी गेलो तेव्हा तुंगीची पाळी होती.

तुम्ही म्हणाल, गाईला काय कळतं. मीही तेच म्हणायचो. पण त्या फाटकाशी सकाळी जमणारे शेतकरी तुम्ही पाहायला हवे होते. पोतं घेताना ते भावही नंतर विचारायचे. आधी विचारायचे, तुंगीनं खाल्लं का? खाल्लं म्हटलं की पोतं मोपेडवर. अक्कांच्या पोत्यावर ना नाव होतं ना चित्र. ज्यूटचं साधं पोतं. तरी त्या पट्ट्यातला माणूस दुसऱ्याचं पोतं फुकट दिलं तरी घेत नसे.

पहिल्या काही खेपांना मी गूळ घेऊन गेलो. अक्कांचं लक्ष नाही असं बघून तुंगीला एक खडा चारला. अक्कांचं लक्ष नाही असं कधी नसायचंच. त्या आल्या, हात पुढे केला आणि माझ्या खिशातला उरलेला गूळही काढून घेतला.

"साक्षीदाराला लाच देतोस, तम्मा?"

त्या गुळाचा चहा करून त्यांनी हमालांना पाजला. मला दिला नाही.

त्या मला तम्मा म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. त्यांचं घराणं बेंगळुरात कधी आलं ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं. मराठी घरात टिकलं होतं, पण कानडीत इतकं मुरलेलं की पुण्याहून आलेल्या माणसाला निम्मं समजलं नसतं. आम्हा सीमेकडच्या लोकांना ते अडत नाही. "स्वल्प थांब की" म्हणाल्या की मी थांबायचो. बाजारात मी कानडीत, हिंदीत, तमिळमध्ये भांडतो, पण ती पोटासाठीची भांडणं. मराठीत मनापासून भांडायला या शहरात मला एक अक्काच होत्या.

आणि आम्ही भांडायचो. भावावरून मी कोणाला सोडत नाही, अक्काही सोडत नसत. पण तुंगी खात असताना आवाज चढवायला बंदी होती. माझा आवाज वर गेला की त्या बोट ओठांवर ठेवायच्या. "आवाज खाली. ती जेवतेय." मग आम्ही दोघं गव्हाणीशी उभे राहून कुजबुजत भांडायचो. डोळे वटारायचे, हात नाचवायचे, पण आवाज काढायचा नाही. रागानं लाल झालेला माणूस कुजबुजायला लागला की त्याचा राग फार वेळ टिकत नाही. मला वाटतं, अक्कांना हे माहीत होतं. मी दरवेळी ठरवलेल्यापेक्षा कमी भावात माल देऊन यायचो आणि परतीच्या वाटेवर ड्रायव्हरवर ओरडायचो.

गाळा घेतला तेव्हा पूजेला बाजारातलं कोणी फिरकलं नाही. कालचा हमाल आज शेजारी बसणार, हे त्यांना पचत नव्हतं. भटजींची दक्षिणा देऊन मी एकटाच प्रसादाच्या पातेल्यापाशी बसलो होतो. दुपारी अक्का आल्या. होस्कोटेहून बस बदलत, हातात नारळ आणि तोंडावर भरपूर घाम. गाळ्यात एक फेरी मारली, भिंतीला हात लावून ओल आहे का पाहिली. म्हणाल्या, "लहान आहे, पण हवा खेळते. मका टिकेल." मग खाली बसून दोनदा प्रसाद मागून खाल्ला आणि बाहेर उभ्या असलेल्या माझ्या शेजाऱ्यांना मोठ्यानं कानडीत सांगितलं की आमच्या मिलला मका इथूनच जातो. दुसऱ्या दिवसापासून शेजारी माझ्याशी बोलायला लागले.

म्हणून जे पुढे झालं ते मला जास्त लागलं.

एका सकाळी मी शेंगदाण्याची पेंड घेऊन गेलो. ताजी, हातात मोडली की तेलाचा वास येईल अशी. ती मी घाण्यावर स्वतः उभं राहून भरून घेतली होती. फाटकाशी नेहमीपेक्षा जास्त शेतकरी होते. अक्कांनी आंबोण कालवून पाटी ठेवली. तुंगीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. अक्कांनी पाटी दुसऱ्या बाजूला ठेवली. तिनं पुन्हा तोंड फिरवलं. पाण्याचा घोट घेऊ दिला, थोडं थांबलो, पुन्हा पाटी. तुंगीनं नाकानं ती लोटून दिली.

"परत ने," अक्का म्हणाल्या.

मी पेंडेचा तुकडा मोडून माझ्याच तोंडात टाकला. सगळ्यांसमोर चावून खाल्ला. शेतकऱ्यांना म्हटलं वास घ्या, हातात घ्या. कोणी हात पुढे केला नाही. मग मी ओरडायला लागलो. गाईच्या नादी लागून धंदा करता का, इतक्या वर्षांत एक पोतं खराब दिलंय का, असं बरंच काही. अक्का ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "ओरड. आज ती जेवत नाहीये."

शेतकरी हसले. अक्का हसल्या नाहीत, पण शेतकरी हसले. माझी भरली लॉरी त्या अरुंद फाटकातून उलटी काढताना ड्रायव्हरला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळे बघत उभे होते.

तीच पेंड मी दुसऱ्या दिवशी तुमकूर रस्त्यावरच्या एका मिलला दिली. तिथल्या गाईगुरांना काही झालं नाही. पण बाजारात बातमी पोचायला वेळ लागत नाही. त्या बाजूच्या दोन मिलनी माझा माल घेणं सोडलं. यशवंतपुरात लोक मला लांबून हंबरून दाखवायचे. एकाच्या अंगावर मी तराजूचं वजन घेऊन धावलो होतो. मी होस्कोटेच्या वाटेला जाणं बंद केलं. दसऱ्याला अक्कांकडून ड्रायव्हरच्या हाती लाडवांचा डबा आला. तो न उघडता परत पाठवला. तेव्हा बरं केलं असं वाटलं, आणि आजही पूर्ण चूक केली असं म्हणवत नाही. मला लाडू नको होते. त्या फाटकाशी, त्याच शेतकऱ्यांसमोर, त्याच बाईनं म्हणायला हवं होतं की तम्माचा माल चांगला होता. बस, एवढंच.

मधली वर्षं तशीच गेली. मग कळलं की मिलची जागा विकली जातेय. त्यात नवल नव्हतं. शेतकरी जमिनी विकत होते, गोठे मोडत होते, आणि उरलेल्यांसाठी दोन माणसांनी मिल चालवणं परवडत नव्हतं. मुलानं मारतहळ्ळीला फ्लॅट घेऊन अक्कांना तिकडे नेलं होतं. एक दिवस त्याचाच फोन आला. अक्कांचं हृदय अधू झालंय, डॉक्टरांनी फिरणं बंद केलंय, आणि अक्का सारखं तम्माला बोलव म्हणतायत.

मी गेलो. का गेलो ते मला सांगता येणार नाही. फ्लॅट वरच्या मजल्यावर होता. बाल्कनीतून रिंग रोडवर तुंबलेल्या गाड्या दिसत. अक्का बाल्कनीकडे पाठ करून बसल्या होत्या. अंगावर पीठ नसलेल्या अक्का मी पहिल्यांदा पाहिल्या. पदराखालचे केस पूर्ण पांढरे झाले होते, की ते आधीपासूनच तसे होते आणि मला पिठामुळे कळलं नव्हतं, कोण जाणे. हात इतके बारीक झाले होते की बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. मुलगा स्वयंपाकघरात चहा करत होता.

"तम्मा," त्या म्हणाल्या, "तुझा माल चांगला होता."

मी बसलोही नव्हतो.

मग त्यांनी थांबत थांबत सांगितलं. माझी लॉरी गेल्यावर संध्याकाळी त्यांनी ती पाटी शेजारच्या गोठ्यातल्या गाईपुढे ठेवली. तिनं चाटूनपुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी तुंगीनं हिरवा चाराही सोडला, तेव्हा गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. दाढेशी बाभळीचा काटा रुतून सूज आली होती. काटा काढल्यावर ती पुन्हा खायला लागली. हे अक्कांना माहीत, मुलाला माहीत आणि डॉक्टरला माहीत. चौथ्या माणसाला त्यांनी सांगितलं नाही.

"मग तेव्हाच सांगायचं होतं की," मी म्हटलं.

"काय सांगू? आज काटा होता म्हणाले असते, तर पुढच्या वेळी प्रत्येक लॉरीवाला म्हणाला असता, काटाच असेल. शेतकरीसुद्धा म्हणाले असते. मग तिला तिथं बांधायचं कशाला?"

मी ओरडलो. आजारी माणसासमोर ओरडू नये हे मला कळतं, पण ओरडलो. तुमच्या गाईची अब्रू ती अब्रू, आणि माझी? मी काय पोत्यातून आलो होतो? मुलगा हातात गाळणं घेऊन दारात येऊन उभा राहिला. अक्कांनी त्याला हातानंच थांबवलं. मला आवाज खाली म्हणण्याइतका दम त्यांच्यात नव्हता. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि माझं ओरडणं हळूहळू आपोआप संपलं.

"चुकलंच," त्या म्हणाल्या. "दुसरं काय करायला हवं होतं ते अजून कळत नाही. पण तुझ्यापुरतं चुकलं."

मी म्हटलं, हे इथं चार भिंतींत मला नको. जिथून माल परत पाठवलात तिथं सांगा, सगळ्यांसमोर.

त्यांनी मान डोलावली. जागेचा ताबा दसऱ्यानंतर द्यायचा होता. त्याआधी यंत्रांची शेवटची आयुधपूजा मिलमध्येच करायची, सगळ्या शेतकऱ्यांना बोलवायचं, असं त्यांनी आणि मुलानं ठरवलं होतं. "त्या दिवशी सांगते. काट्याचंही सांगते. मला खुर्चीवर बसवून न्यायला लागलं तरी चालेल. तू ये." मुलाला म्हणाल्या, "ऐकलंस ना?" तो हो म्हणाला.

निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. बोट फिरवून तळहातावरचे पोत्यांनी पडलेले जुने घट्टे बघत होत्या. म्हणाल्या, "अजून आहेत." मी म्हटलं, ते जात नसतात. खाली उतरलो तेव्हा इतका हलका झालो होतो की त्या गर्दीतही रिक्षावाल्याशी घासाघीस न करता बसलो.

हे सगळं अक्का माझ्याशी मराठीत बोलल्या. मीही मराठीतच लिहितोय. होस्कोटेच्या बाजूला हे वाचणारं आता कोणी नाही, म्हणून लिहितोय.

आयुधपूजेपर्यंत त्या राहिल्या नाहीत. सकाळी मुलगा उठवायला गेला आणि त्या उठल्या नाहीत. त्याचा फोन आला तेव्हा मी गाळ्यात एका गिऱ्हाइकाशी भावावरून भांडत होतो. फोन ठेवला आणि त्याला म्हटलं, तू म्हणतोस त्या भावात घेऊन जा. तो घाबरून मालाकडे बघायला लागला. अक्कांना खांदा दिला तेव्हा वजन लागलंच नाही. ज्या खांद्यावर मी एकेकाळी पोती वाहिली, त्याला ते वजन कळलंच नाही, आणि तिथं मला रडू आवरेना. माझ्याशी मराठीत भांडणारं माणूस गेलं. जे सांगायचं कबूल केलं होतं तेही घेऊन गेलं.

तेराव्याचं जेवण मुलानं मिलच्या आवारात ठेवलं. फ्लॅटमध्ये एवढी माणसं मावली नसती, आणि शेतकरी मारतहळ्ळीला आलेही नसते. शेडमधलं यंत्र झाकून ठेवलं होतं. फाटकाशी गव्हाण रिकामी होती. मी तिकडे फार वेळ पाहिलं नाही. केळीच्या पानांची लांब पंगत बसली. माझ्या शेजारी रामण्णा बसले. ते त्या पट्ट्यातले जुने शेतकरी. त्या सकाळी फाटकाशी होते, आणि हसणाऱ्यांतही होते. वडा मोडता मोडता त्यांनी मला निरखून पाहिलं.

कानडीतच म्हणाले, तुंगीनं परत पाठवलेली लॉरी तुमचीच ना? त्यात खोच नव्हती. जुना ओळखीचा माणूस सापडल्याचा आनंद होता. मी हो म्हटलं. त्यांनी पलीकडे बसलेल्या जावयाला सगळी गोष्ट सांगितली, मी पेंड चावून दाखवली ती सुद्धा, आणि पंगतीतली आणखी चार-सहा माणसं ऐकायला वाकली. मग म्हणाले, तुंगी आता माझ्या गोठ्यात आहे. मिल बंद झाली तेव्हा अक्कांनी ती मला दिली. आता कंपन्यांची रंगीत पोती येतात, आत काय भरलंय देव जाणे. पण आमच्याकडची उरलेली घरं पोतं फोडलं की आधी मूठभर तिच्यापुढे आणून ठेवतात. मध्यंतरी तिनं एकाला तोंड लावलं नाही. सगळ्यांनी ते परत केलं.

जावई शिकलेला दिसत होता. तो हसला. म्हातारी गाय ती, तिला काय कळणार? एखाद्या दिवशी पोट बिघडलं असेल, तोंड दुखत असेल.

रामण्णांचा घास हातातच राहिला. "मला कशाला विचारतोस? यांना विचार. माल यांचा होता."

पंगतीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. समोर अक्कांचा मुलगा पायसाचं पातेलं घेऊन वाढत आला होता. तो थांबला. त्यानं ऐकलं होतं ना सगळं, फ्लॅटमध्ये, दारात उभं राहून. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पळी पातेल्यात ठेवली आणि म्हणाला, "अक्का त्याबद्दल म्हणाली होती की..."

"खराब होता," मी म्हणालो. "तुंगीनं बरोबर ओळखलं."

मुलगा पातेलं धरून तसाच उभा राहिला. रामण्णांनी जावयाकडे बघून मान हलवली, आणि पंगत पुन्हा जेवायला लागली.